फोटोत आवाज येतो का?



"बाई, फोटोत आवाज येतो का?"

चौथीच्या वर्गात हा प्रश्न आला आणि अख्खा वर्ग खो खो हसला. विचारणारा बिचारा कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. मीही हसले, खोटं कशाला सांगू! पण संध्याकाळी घरी पोळ्या लाटताना तो प्रश्न काही डोक्यातून जाईना.

कारण आमच्या घरी ओटीवर, घड्याळाच्या शेजारी, माझ्या आजोबांचा एक फोटो आहे. आजोबा गावच्या भजनी मंडळात चाळीसेक वर्षं पखवाज वाजवायचे. देवळात थाप पडली की आमच्या स्वयंपाकघरात आजी म्हणायची, "बसले बाई एकदाचे!" आता तो फोटो कसा आहे? ताठ मान, वटारलेले डोळे, गळ्यापर्यंत लावलेलं बटण. कुठल्याशा ओळखपत्रासाठी काढलेला. आजोबा गेल्यावर तोच मोठा करून आणला, कारण दुसरा नव्हताच. खांद्याच्या खाली काही नाही. म्हणजे बघा, ज्या हातांमुळे सारा गाव त्यांना ओळखत होता, ते हातच फोटोत नाहीत!

तर आज आपण गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसांचे फोटो कसे काढायचे, यावर गप्पा मारू. "बसा, हसा, इकडे बघा" असे नव्हेत बरं का. गाणं चालू असताना काढलेले.

आधी माझी फजिती ऐका. मी डी. एड. करत होते तेव्हाची गोष्ट. मामाचा छोटा डिजिटल कॅमेरा चार दिवसांसाठी मिळाला होता. मग काय, दिसेल त्याचा फोटो! एका गावी भजनाचा कार्यक्रम होता. एक म्हातारे बुवा डोळे मिटून आलाप घेत होते. मी वाकत वाकत थेट पुढे गेले, गुडघ्यावर बसले आणि फटाक! लख्ख उजेड पडला. बुवांचा आलाप अर्ध्या श्वासात तुटला. ते रागावले नाहीत. उपरण्याने डोळे पुसत एवढंच म्हणाले, "थांब पोरी, काही दिसेना मला." मग पुन्हा सुरू झाले, पण मघाची जागा काही परत सापडली नाही. आणि इतकं करून फोटो कसा आला? पिठासारखा पांढरा चेहरा, मागे मिट्ट काळोख आणि तोंडाच्या बरोब्बर समोर माईक!

तेव्हापासून मी गाण्याच्या ठिकाणी फ्लॅश वापरत नाही. तुम्हीही वापरू नका. त्यात सभ्यपणाचा भाग आहेच, पण गणिताचाही आहे. फ्लॅशचा उजेड जसजसा लांब जातो तसतसा पसरतो आणि झपाट्याने विरळ होतो. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होईल असं वाटतं ना? नाही. तो पाव होतो! तिप्पट अंतरावर नववा हिस्सा. आता दहाव्या रांगेत बसून मोबाईलचा फ्लॅश मारला, तर व्यासपीठावरच्या गायकापर्यंत काय पोचणार? उजळून निघतं ते पुढच्या रांगेतल्या काकांचं टक्कल. खोटं वाटत असेल तर पुढच्या गॅदरिंगला काढलेले फोटो तपासा.

मग फ्लॅशशिवाय फोटो काढायचा कसा? इथे खरी गंमत सुरू होते.

कॅमेऱ्याला पापणी असते असं समजा. तिला म्हणतात शटर. भर उन्हात ही पापणी सेकंदाचा हजारावा भाग उघडली तरी पुरेसा प्रकाश आत येतो. देवळात किंवा मांडवात उजेड कमी, म्हणून ती जास्त वेळ उघडी ठेवावी लागते. समजा १/३० सेकंद. तुम्ही म्हणाल, हा काय वेळ झाला? पण पखवाजावर पडणारा हात सेकंदाला ३ मीटर वेगाने खाली येत असेल, तर तेवढ्यात तो १० सेंटीमीटर सरकतो. म्हणजे फोटोत हाताऐवजी धुराचा लोट! मोबाईलमध्ये ही पापणी आपोआप उघडते-मिटते, त्यामुळे आपल्याला कळतही नाही. फोटो हललेला आला की आपण मोबाईलला नावं ठेवतो.

आता झोक्याची आठवण करा. झोका मधोमध असतो तेव्हा सर्वांत जोरात असतो. पण अगदी टोकाला, सर्वांत वर पोचला की क्षणभर थबकतो. वाजवणाऱ्याच्या हाताचंही तसंच आहे. वर उचललेला हात खाली यायच्या आधी क्षणभर थांबतो. कातड्यावर टेकला की पुन्हा क्षणभर थांबतो. गाणाऱ्याची तान संपते, हात हवेत तसाच राहतो, तेव्हाही. कमी उजेडात स्वच्छ फोटो मिळतो तो या थबकण्याच्या क्षणी. (हललेला फोटो नेहमीच वाईट असतो असंही नाही हं! उस्ताद झाकीर हुसेन यांचे फोटो आठवा. चेहरा स्पष्ट, केस उडालेले आणि बोटं पुसटशी. तिथे ती पुसट बोटंच वेग सांगतात.)

पण तो क्षण आला हे कळणार कसं? डोळ्यांनी बघून? करून पाहा. मित्राला ३० सेंटीमीटरची पट्टी वरच्या टोकाला उभी धरायला सांगा. शून्याच्या खुणेपाशी तुमचं बोट आणि अंगठा उघडे ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडायची, तुम्ही पकडायची. आमच्या वर्गात बहुतेकांनी १८ ते २५ सेंटीमीटरच्या मध्ये कुठेतरी पकडली. पट्टी २० सेंटीमीटर खाली येते तेव्हा सुमारे ०.२ सेकंद उलटून गेलेले असतात. म्हणजे डोळ्याने बघितलं, मेंदूने हुकूम सोडला आणि बोट हललं, यात सेकंदाचा पाचवा भाग गेला. आणि भजन रंगात आलं की एका सेकंदात तीन-चार मात्रा पडतात! हात वर गेलेला दिसला म्हणून बटण दाबाल, तर तोवर हात खाली येऊन पुढच्या बोलाला निघालेला असेल.

म्हणून गाण्याचा फोटो काढताना डोळ्यांइतकेच कान लागतात.

तीनतालाच्या १६ मात्रा. पहिली मात्रा म्हणजे सम. गाणारा फिरून फिरून समेवर येतो, मान हलते, वाजवणाऱ्याचा हात पडतो, ऐकणारेही "वा!" म्हणतात. सम कधी येणार हे ज्याला मोजता येतं, त्याला फोटोचा क्षण आधीच ठाऊक असतो. तेरा, चौदा, पंधरा, सोळा आणि दाब बटण!

पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव तुम्ही ऐकून असाल. पंडित भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ तो १९५३ साली सुरू केला. पूर्वी तो रात्र रात्र चालायचा. तिथे सतीश पाकणीकर यांच्यासारख्या छायाचित्रकारांनी वर्षानुवर्षं मोठमोठ्या गायक-वादकांचे फोटो काढले. भीमसेनजींचे फोटो मिळाले तर जरूर पाहा. ते गायला लागले की नुसता गळा गात नसे. भुवया, खांदे, पंजा, सगळं अंग त्या तानेमागे धावायचं. ते २०११ साली गेले. आज आपण त्यांचा आवाज यंत्रावर ऐकतो, पण ती तान घेताना हात कुठे गेला होता, हे फोटोच दाखवतो. त्या फोटोंपैकी कितीतरी रिळाच्या कॅमेऱ्यावर काढलेले आहेत. एका रिळात ३६ फोटो. रीळ महाग, धुऊन आणल्याशिवाय फोटो कसा आलाय ते दिसायचं नाही. शिवाय त्या कॅमेऱ्यातला आरसा दर वेळी खटकन वाजायचा. संथ आलापात हा खटका म्हणजे भरल्या ताटात खडा! म्हणून शहाणा छायाचित्रकार तबल्याने जोर धरेपर्यंत थांबायचा. आता आपल्या मोबाईलचा खटका बंद करता येतो. आपण तो करत नाही, ही गोष्ट वेगळी.

थांबण्यावरून आठवलं. तुमच्या दादाच्या वयाच्या एका मुलाची गोष्ट सांगते. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये मॉन्टेरी नावाच्या गावी १९६७च्या जूनमध्ये मोठा संगीत महोत्सव झाला. आपले पंडित रविशंकर तिथे १८ जूनच्या दुपारी सतार वाजवून गेले होते. त्याच दिवशी रात्री जिमी हेंड्रिक्स हा गिटारवादक वाजवणार होता. एड कॅराफ हा १७ वर्षांचा शाळकरी मुलगा तिथे फोटो काढत होता. हेंड्रिक्सचं वाजवणं त्याने कधी ऐकलंही नव्हतं. पण एका अनुभवी छायाचित्रकाराने त्याला सांगितलं होतं, की त्याच्यासाठी थोडी फिल्म राखून ठेव. पोरगं शहाणं, त्याने ऐकलं. व्यासपीठाच्या कडेला खुर्चीवर उभा राहिला. शेवटी हेंड्रिक्सने आपली गिटार चक्क पेटवून दिली! (हा प्रयोग घरी करायचा नाही. शाळेत तर मुळीच नाही.) आगीची झळ इतकी, की एडने कॅमेराच चेहऱ्यासमोर ढालीसारखा धरला. आणि तरी बटण दाबलं. तो फोटो आजही जगभर छापला जातो. दिवसभरात सगळी फिल्म संपवून बसला असता तर?

हे सगळं वर्गात सांगितल्यावर पोरं स्वस्थ बसतात होय! आमच्या गावात सप्ताह चालू होता. संध्याकाळच्या हरिपाठाला पखवाजावर एक आजोबा असतात. वय सत्तरीच्या पुढे. त्यांना आधी जाऊन विचारलं, "मुलांनी फोटो काढले तर चालेल का?" विचारल्याशिवाय कुणाचाही फोटो काढायचा नाही, हा आमच्या वर्गाचा नियमच आहे. आजोबा म्हणाले, "काढू द्या की. पण मधे मधे नाचायचं नाही."

सात मुलं, एक माझा मोबाईल. फ्लॅश बंद, आवाज बंद. प्रत्येकाला फक्त पाच फोटो, सहावा काढला तर बाद. आता पाचच मिळणार म्हटल्यावर कशी जपून चालली मंडळी! आजोबा पखवाजाच्या डाव्या पुडीवर कणीक थापत होते. एकीने पहिला फोटो त्या कणकेचा काढला. मला नसतं सुचलं. एकाच्या पाचही फोटोंत आजोबांचं तोंड समोरच्या माईकने झाकलं. कुजबुजून सांगितलं, "दोन पावलं बाजूला सरक." सरकला, पण पाच संपले होते. रडवेला झाला. मी त्याला सहावा दिला. शाळेत सांगू नका.

सगळ्यात नेमके फोटो आले ते एका टाळकऱ्याचे. तो रोज बापाबरोबर हरिपाठाला उभा राहतो. नाव सांगत नाही, फार लाजतो. तो पडद्याकडे बघतच नव्हता. मोबाईल छातीशी घट्ट धरलेला, डोळे आजोबांवर, पायाने ठेका आणि ओठांत मोजणी. पहिल्या तीन फोटोंनंतर मला वाटलं, दमला. पण तो थांबला होता. गजर चढला, टाळ टिपेला गेले, तेव्हा त्याने चौथा फोटो काढला. पाचवा काढलाच नाही. "झालं बाई," म्हणाला.

इथे पालकांशी दोन शब्द बोलते, मुलांनो तुम्ही कान बंद करा. आमच्या स्नेहसंमेलनात दर वर्षी पहिल्या गाण्याला पुढच्या दोन रांगा मोबाईल उंचावून उभ्या राहतात. मागच्या आज्यांना काही दिसत नाही, ते एक. पण मी पडद्याआडून बघत असते ना, गाणारं मूल समोर आईचा चेहरा शोधत असतं आणि त्याला दिसते मोबाईलची पाठ. एक फोटो काढा, छान वाट बघून काढा आणि मग खाली बसून गाणं ऐका.

हां, उघडा कान!

टाळकऱ्याचा तो चौथा फोटो मी तालुक्याच्या स्टुडिओतून कागदावर छापून आणला आणि सातही मुलांना घेऊन आजोबांकडे गेले. त्यांनी चष्मा लावला. मला वाटलं, आता म्हणतील "छान आलोय". पण चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. फोटो खिडकीपाशी नेला आणि हातांवर बोट ठेवलं.

"हा 'ता' आहे," म्हणाले.

"कशावरून?" मुलांनी एका सुरात विचारलं.

"उजवा बघा, पुडीवर पडलाय. डावा वर आहे. 'धा' असता तर डावा पण खाली असता."

फोटोत आवाज येतो का, असं विचारणारा माझी ओढणी ओढायला लागला. "बाई! बाई, आजोबांना ऐकू आला!"

आजोबा अजून फोटोच बघत होते. त्यांनी स्वतःचा उजवा हात मांडीवर टेकवला, फोटोशी ताडून पाहिला आणि मान हलवली.

"बोटं फाकलीत जरा. बंद पाहिजेत. एकादशीला या पुन्हा, नीट वाजवतो."