दैव, कारण आणि प्रयत्न

“ऊसतोडीचा कोयता आमच्या नशिबींच लिहिला आहे,” असें नांदूरघाटचा एक विद्यार्थी मजजवळ म्हणाला. मनुष्य दैवाधीन कीं स्वतंत्र, हा वाद विज्ञानाच्या पुराव्यानें मिटेल काय?

सन २००८ मध्यें कै. डॉ. जयंत नारळीकर व त्यांचे सहकारी यांनीं पुण्यांत फलज्योतिषाची परीक्षा घेतली. शंभर हुशार व शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवून २७ ज्योतिष्यांस प्रत्येकीं ४० दिल्या, आणि कोणती कुंडली हुशार मुलाची व कोणती मतिमंद मुलाची हें ओळखण्यास सांगितलें. सर्वांत यशस्वी ज्योतिष्याचीं २४ उत्तरें बरोबर आलीं. एकंदर निकाल नाणेफेकीहून सरस ठरला नाहीं.

यावरून इच्छास्वातंत्र्य सिद्ध झालें काय? नाहीं, ग्रहांचा दावा तेवढा फोल ठरला. नियतिवादी म्हणेल, ग्रह नसोत, मेंदूच मनुष्यास बांधतो. सन १९८३ मध्यें बेंजामिन लिबेट यांस, हात हलविण्याचा संकल्प जाणवण्यापूर्वींच मेंदूंत हालचाल सुरू झालेली आढळली. परंतु हात केव्हां हलवावा हा प्रश्न निराळा. शाळा सोडावी कीं नाहीं, हा निराळा. हा दुसरा प्रश्न कोणतेंहि यंत्र सोडवूं शकत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, विज्ञान कारणें दाखवितें, आणि कारण म्हणजे नशीब नव्हे. त्या मुलाच्या घरांत कोयता आला तो अवर्षणानें व दारिद्र्यानें. तीं ओळखतां येतात, म्हणूनच पालटतांहि येतात. आम्हांस मिळालेल्या बंधनांचा जाब देव विचारणार नाहीं. त्यांत राहून आम्हीं काय केलें, याचा मात्र अवश्य विचारील.