पत्रे आणि टाचणवही

नवरा-बायको, दोघी बहिणी किंवा नणंद-भावजय एकाच शाळेत शिकवतात, अशी घरे आता आपल्याकडे पुष्कळ आहेत. नाशिकपासून मालेगावपर्यंतच्या उर्दू शाळांत तर ती सहज सापडतील. अशा घरातले एक माणूस गेले की मागे राहणाऱ्याच्या दोन जागा रिकाम्या होतात. एक दस्तरखानावरची आणि दुसरी स्टाफरूममधली. पहिल्या जागेबद्दल सगळे बोलतात. दुसरीबद्दल, विशेषतः गेलेली व्यक्ती बाई असेल तर, फारसे कोणी बोलत नाही.

उर्दू साहित्यात अशा दुहेरी दुःखाचे एक मोठे उदाहरण आहे. शायर जां निसार अख्तर आजच्या मुलांना जावेद अख्तर यांचे वडील म्हणून माहीत असतात. 1943 मध्ये त्यांचा निकाह सफिया यांच्याशी झाला. सफिया म्हणजे शायर मजाज यांची बहीण, अलिगढला शिकलेली. 1947 च्या दंगलींच्या काळात जां निसार ग्वाल्हेर सोडून भोपाळला आले आणि हमीदिया कॉलेजात उर्दू-फारसी शिकवू लागले. पुढे सफियाही त्याच कॉलेजात शिकवू लागल्या. घर एक आणि पेशाही एक.

1949 मध्ये जां निसार नोकरी सोडून मुंबईला गेले. सफिया दोन लहान मुलांना घेऊन भोपाळला राहिल्या. मुले, कॉलेज आणि पुढे आजारपण, हे सगळे सांभाळत त्या मुंबईला पत्रे लिहीत राहिल्या. जानेवारी 1953 मध्ये कर्करोगाने त्यांचा इंतकाल झाला. जावेद तेव्हा आठ वर्षांचे होते, धाकटे सलमान साडेसहा वर्षांचे.

जां निसार यांनी पत्नीच्या आठवणीत ‘खाके-दिल’ ही नज्म लिहिली. पुढे त्यांच्या एका संग्रहाचे नावही तेच होते आणि त्याला 1976 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नज्म मोठीच आहे. पण माझ्यासारख्या शिक्षिकेला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. 1943 पासून 1952 च्या डिसेंबरपर्यंत सफियांनी लिहिलेली पत्रे जपली गेली आणि 1955 मध्ये ‘हर्फे-आशना’ आणि ‘जेरे-लब’ अशा दोन पुस्तकांच्या रूपाने छापून आली. नज्मेत मागे राहिलेल्या माणसाचे दुःख कळते. पत्रांत गेलेले माणूस स्वतः बोलते. आज सफिया अख्तर यांचे नाव उर्दूत घेतले जाते ते केवळ कुणाची पत्नी, कुणाची आई म्हणून नाही, एक लेखिका म्हणून. आईला नीट ओळखण्याआधीच पोरक्या झालेल्या दोन मुलांसाठी त्या पत्रांचे मोल काय असेल, याचा विचार करावा. धाकटे सलमान अख्तर पुढे अमेरिकेत नावाजलेले मनोविश्लेषक झाले. शोक आणि विरह या विषयांवर त्यांनी बरेच लिहिले आहे.

हे सगळे मला आठवायचे कारण माझी मोठी नणंद. घरात आम्ही तिला आपा म्हणायचो आणि शाळेत मुलेही आपाच म्हणायची. एकाच उर्दू शाळेत आम्ही चौदा वर्षे बरोबर शिकवले. ती मराठी शिकवायची, मी उर्दू. गेल्या थंडीत ती अल्लाहला प्यारी झाली. ताजियतीसाठी आलेल्यांनी तिची खूप तारीफ केली. स्वभाव गोड, हात सढळ, सासू-सासऱ्यांची खिदमत केली, बिर्याणी तिच्यासारखी कुणाला जमत नव्हती. सगळे खरेच होते. पण सत्तावीस वर्षे ती वर्गात काय करत होती, ते कुणाच्या तोंडी आले नाही.

काही दिवसांनी कपाट आवरायला काढले. कपडे गरजूंना द्यायचे ठरले. वह्यांचा गठ्ठा रद्दीसाठी दाराशी ठेवला होता. मी त्यातली एक टाचणवही उघडली. पाठांच्या टाचणाशेजारी समासात तिने मुलांची नावे आणि त्यांच्या अडचणी लिहिल्या होत्या. आपली मुले ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात, ‘काळा’ला ‘काला’. त्यांच्यासाठी तिने ‘ण’ आणि ‘ळ’ असलेल्या शब्दांच्या याद्या केल्या होत्या: मळा, फळा, कणीस, अंगण, वेळ, वेणी. एका मुलाच्या नावापुढे लिहिले होते, “आज ‘बाळ’ बरोबर म्हणाला.” पुढे तारीख. बस, एवढेच.

गठ्ठा रद्दीत गेला नाही. तिच्या लेकीने तो आपल्या टेबलावर ठेवला आहे. ती डीएड करते आहे. शब्दांच्या याद्या मी शाळेतल्या नव्या मराठीच्या बाईंना उतरवून दिल्या. त्या रोज वापरतात.

आपल्या दीनमध्येही याचा धडा आहे. हजरत खदीजा (रजि.) या रसूलुल्लाह (स.) यांच्या पत्नी, आणि निकाहाआधी आपला व्यापार विश्वासाने त्यांच्यावर सोपवणाऱ्या. त्यांच्या वफातीनंतर कित्येक वर्षांनीही घरात बकरी जबह झाली की रसूलुल्लाह (स.) खदीजांच्या मैत्रिणींकडे गोश्त पाठवत. लोक नाकारत होते तेव्हा त्यांनी विश्वास ठेवला, आपल्या मालाने साथ दिली, हेही ते सांगत. म्हणजे आठवण केवळ प्रेमाची नव्हती, केलेल्या कामाचीही होती. आणि माणूस गेल्यावरही ज्यांचा सवाब थांबत नाही अशा तीन गोष्टी हदीसमध्ये आल्या आहेत: सदका-ए-जारिया, लोकांना उपयोगी पडणारे इल्म आणि दुआ करणारी नेक औलाद. शिक्षकाच्या वहीत यातले दुसरे असते. ती वही रद्दीत घातली तर ते इल्म आपणच थांबवले असे होते.

तेव्हा भगिनींनो आणि बंधूंनो, एवढे जरूर करा. घरातली शिकवणारी, शिवणारी, दवाखान्यात राबणारी बाई गेली तर तिच्यासाठी दुआ कराच, पण तिच्या सोबत काम करणाऱ्यांना घरी बोलवा आणि ती कामावर कशी होती ते मुलांसमोर विचारा. तिच्या हातचे कागद, पत्रे, हिशेबाच्या वह्या, मापांच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. जे इतरांच्या उपयोगाचे असेल ते त्यांच्यापर्यंत पोहोचवा. कपाट आवराल तेव्हा कपडे वाटून टाका, पण वह्या आधी वाचा.