थंडी आणि पाळीव कासव

पौषातील थंडीत आपण घोंगडी पांघरतो. अंगणातील हौदातल्या कासवाने काय पांघरावे? त्याच्या देहास स्वतःची पुरेशी ऊब निर्माण करता येत नाही. पाणी गारठले की तेही गारठते, अन्न सोडते, निपचित पडते. आमच्या राणीसावरगावच्या तालुक्यात, गंगाखेडास, गोदावरी वाहते. नदीतील कासव चिखलात दडून राहू शकते. सिमेंटच्या हौदात चिखल कोठला? शिवाय देशी कासव पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. तांबड्या कानपट्टीचे अमेरिकन कासव घरी असलेच, तर रात्री ते आत उबेस ठेवावे. कंटाळून नदीत सोडू नये, कारण ते देशी कासवांचे अन्न व जागा बळकावते. मुका जीव कोंडणाऱ्याने त्याच्या उबेचाही भार वाहिला पाहिजे. तो पेलत नसेल, तर कासव न पाळणे हीच खरी भूतदया होय.