पगार मिळतो ना, मग नाव कशाला?

मागच्या शुक्रवारी आमच्या प्रोजेक्टचा डेमो झाला. सहा महिने जागून जिने कोड लिहिला, तिचं नाव शेवटच्या स्लाइडवरही नव्हतं. मी विचारलं तर उत्तर आलं, "अरे, पगार मिळतो ना तिला!"

हा युक्तिवाद फार जुना आहे, मंडळी.

२३ नोव्हेंबर १९६३ ला बीबीसीवर ‘डॉक्टर हू’ सुरू झालं. त्याचं अंगावर काटा आणणारं शीर्षकसंगीत ऐकलंयत? चाल रॉन ग्रेनरची. पण त्याने दिलं काय, तर कागदावरचं नोटेशन. त्याचा आवाज घडवला डेलिया डर्बिशायरने, मदतीला डिक मिल्स. ही बाई केंब्रिजला गणित आणि संगीत शिकलेली. १९५९ मध्ये डेक्का कंपनीने तिला सांगितलं होतं, रेकॉर्डिंग स्टुडिओत आम्ही बायका घेत नाही!

तेव्हा बाजारात सिंथेसायझर नव्हता, वर्कशॉपात मल्टिट्रॅक नव्हता. एक तार छेडून टेपवर घ्यायची, टेपचा वेग बदलून त्यातून वेगवेगळे सूर काढायचे, ऑसिलेटरचे आवाज घ्यायचे. मग ब्लेडने टेप कापून एकेक सूर चिकटवायचा. शेवटी वेगवेगळ्या टेपरेकॉर्डरवरच्या टेपा एकदम चालू करून मिक्स. चुकलं की पुन्हा कापाकापी. कंट्रोल-झेड नाही, राव!

ग्रेनर प्रामाणिक माणूस. ऐकून थक्क झाला आणि रॉयल्टीतला अर्धा वाटा तिला द्यायला तयार झाला. बीबीसीच्या नियमात बसेना, कारण ती पगारी नोकर. श्रेय गेलं ‘रेडिओफोनिक वर्कशॉप’ या विभागाला. मालिकेच्या पडद्यावर तिचं नाव आलं २०१३ मध्ये. ती वारली २००१ मध्ये. करा हिशोब.

आता कोणी म्हणेल, टीमचं काम आहे, एकेकाचं नाव कशाला? ठीक. मग ग्रेनरचं तरी का दिलं? आमच्याकडेही ‘टीम’ फक्त कोड लिहिणाऱ्यांना लागू असते. मॅनेजरचं नाव स्लाइडवर ठळक अक्षरात असतंच की! आणि ‘तिने फक्त इम्प्लिमेंट केलं’ म्हणणाऱ्यांनी तो नोटेशनचा कागद कानाला लावून बघावा. काय ऐकू येतं ते सांगा.

पगार हा कामाचा मोबदला झाला. काम कुणी केलं, ही वस्तुस्थिती आहे. ती पगार देऊन विकत घेता येत नाही.

असो. पुढच्या डेमोच्या स्लाइड्स मी करतोय. पहिल्याच स्लाइडवर तिचं नाव टाकणारे. बघू कोण खोडतं ते.