खेळायला मोबाईल, बनवायला काय?

आपली पोरं रोब्लॉक्स खेळतात. त्यातले खेळ खेळणाऱ्यांनीच बनवून इतरांसाठी टाकलेले असतात. पण गोम अशी, की खेळायला मोबाईल पुरतो. नवा खेळ रचायचा तर 'रोब्लॉक्स स्टुडिओ' लागतो आणि तो फक्त कॉम्प्युटरवर चालतो. म्हणजे डहाणू-तलासरीच्या पोरांनी दुसऱ्यांचेच खेळ खेळत बसायचं?

१९५७ साली ताराबाई मोडक, अनुताई वाघ बोर्डीहून आपल्या कोसबाडला आल्या. खडे, शंख-शिंपले, झाडाची पानं हेच त्यांच्या बालवाडीचं साहित्य. दुकानाची वाट बघितली नाही.

चॅटमधल्या अनोळखी माणसांची भीती खरीच आहे. म्हणून तर शिक्षक जवळ हवेत. ज्या आश्रमशाळांत कॉम्प्युटर आहेत, त्यांनी ती खोली संध्याकाळी तासभर उघडावी. 'मोबाईल सोडा' हे भाषण पोरांनी लय ऐकलंय.