एक लाकडी फळी पुरत नाही

विळी माळ्यावर गेली आणि ओट्यावर चॉपिंग बोर्ड आला, तेव्हापासून एक समज घरोघरी पक्का झाला आहे: लाकूड जंतू धरून ठेवते, प्लास्टिक मात्र स्वच्छ. हा समज अर्धाच खरा आहे.

अमेरिकेतील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डीन क्लायव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात दोन्ही फळ्या तपासल्या. लाकडाने ओलाव्याबरोबर जंतू आत ओढून घेतले. तिथे ते वाढले नाहीत, हळूहळू मेले. नवे प्लास्टिक सहज धुतले गेले. पण सुरीचे चरे पडलेले प्लास्टिक हाताने धुऊन पुरते स्वच्छ होईना, त्यात कोंबडीची चरबी असली तर मुळीच नाही.

म्हणून लाकूड निर्धोक ठरते का? नाही. खरा धोका एकच फळी सगळ्याला वापरण्यात आहे. कच्चे चिकन कापायचे, फळी नुसती नळाखाली धरायची आणि लगेच तिच्यावर काकडी चिरायची, हे अनेक घरांत चालते. चिकनमधले साल्मोनेलासारखे जंतू नीट शिजवल्यावर मरतात. कोशिंबीर मात्र कच्चीच पानात येते. घरात लहान मूल, गरोदर स्त्री किंवा वृद्ध असतील, तर अशा संसर्गाचा त्रास गंभीर होऊ शकतो. मांस-मासळीला एक आणि भाजी-फळांना दुसरी, अशा दोन फळ्या ही चैन नव्हे, गरज आहे.

उरते ती निगा. काम झाल्याबरोबर फळी साबण व गरम पाण्याने घासावी, पुसावी आणि दोन्ही बाजूंना वारा लागेल अशी उभी ठेवावी. सिंकमध्ये भिजत ठेवल्यास लाकूड फुगते, वाळताना तडकते आणि त्या फटींत अन्नकण अडकतात. लिंबू-मिठाने वास जातो, पण ते साबणाची जागा घेत नाही. गोडेतेल चोळू नये, ते खवट होते. खाद्यवापरासाठीचे मिनरल ऑइल अधूनमधून लावावे. पावसाळ्यात फळी लवकर वाळत नाही, तेव्हा ती पंख्याखाली ठेवावी. खोल चिरा पडल्या किंवा घासूनही न जाणारी काळी बुरशी दिसली, की फळी बदलावी.

फळी कशाची आहे, यापेक्षा ती कशासाठी वापरली आणि वापरल्यावर वाळली का, हे पाहणे अधिक महत्त्वाचे.