अणू समजला की पाठ झाला?

शिवडीहून अटल सेतूने न्हावा शेवाकडे निघालेल्या प्रवाशाच्या डाव्या हाताला काही अंतरापर्यंत उंच पडदे लागतात आणि खाडी दिसेनाशी होते. त्या पडद्यांपलीकडे ट्रॉम्बेचा डोंगर आहे आणि त्याच्या कुशीत भाभा अणुसंशोधन केंद्राचा परिसर. सुरक्षिततेसाठी अशी आडकाठी असणे समजण्यासारखे आहे आणि तिच्याविषयी कोणी तक्रार करावी असेही नाही. परंतु १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या या पुलाने खाडीचे दोन्ही काठ जोडल्यानंतरही अणू आणि सामान्य माणूस यांच्यामध्ये आणखी एक पडदा शिल्लक राहिला आहे. तो सुरक्षा यंत्रणेने लावलेला नाही. तो शाळेच्या वर्गात, प्रश्नोत्तरांच्या वहीत आणि परीक्षेच्या गुणांत विणला गेला आहे.

न्हावा आणि शेवा या गावांच्या समोरच्या काठावर ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. सोव्हिएत संघ वगळता आशिया खंडातील ती पहिली अणुभट्टी होय. तिचे इंधन ब्रिटनमधून आले होते. उभारणी मात्र भारतीय शास्त्रज्ञांनी आणि अभियंत्यांनी केली. पाण्याच्या हौदात निळसर प्रकाशाने उजळणाऱ्या त्या भट्टीला पंडित नेहरूंनी १९५७ च्या जानेवारीत ‘अप्सरा’ हे नाव दिले. पुढे १९६० मध्ये ‘सायरस’ आणि १९८५ मध्ये ‘ध्रुव’ या भट्ट्या त्याच काठावर सुरू झाल्या. जुनी ‘अप्सरा’ निवृत्त झाल्यावर तिचा नवा अवतार २०१८ मध्ये कार्यरत झाला. ज्या न्यूट्रॉनच्या बळावर ही सारी यंत्रे चालतात, त्या न्यूट्रॉनचा शोध १९३२ चा. म्हणजे जगाला न्यूट्रॉनची ओळख झाल्यापासून अवघ्या चोवीस वर्षांत तो या खाडीच्या काठी कामाला लागला होता. मग तो काठावरच्या वर्गात का पोचू नये?

पोचला नाही असे म्हणणे पाठ्यपुस्तकावर अन्याय करणारे ठरेल. राज्य मंडळाच्या २०१८ साली आलेल्या इयत्ता आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘अणूचे अंतरंग’ असा स्वतंत्र पाठ आला. डाल्टन, थॉमसन, रूदरफोर्ड, बोर हे सर्व त्यात क्रमाने भेटतात. प्रश्न आहे तो हा पाठ परीक्षेच्या चरकातून पिळून निघाल्यावर विद्यार्थ्याच्या हाती काय उरते, हा. उरतात ती चार नावे, चार सनावळ्या आणि चार आकृत्या. राजांची वंशावळ पाठ करावी तशी अणुप्रारूपांची वंशावळ पाठ होते. एक राजा गेला, दुसरा आला. का गेला आणि का आला, हे विचारण्याची गरज कोणाला भासत नाही. वास्तविक या कथेचे सारे मर्म त्या ‘का’मध्ये आहे.

ही कथा सांगताना पहिला मान कणादांना दिला जातो आणि तो रास्तच आहे. वैशेषिक दर्शनाने पदार्थाचा अविभाज्य अंश म्हणून परमाणू मानला, दोन परमाणूंचे द्व्यणुक आणि तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक कल्पिले, आणि झरोक्यातून आलेल्या उन्हात तरंगणारा धूलिकण म्हणजे त्र्यणुक, इतक्या नेमकेपणाने दृश्य आणि अदृश्य यांची सीमारेषा आखली. ग्रीसमध्ये डिमॉक्रिटसनेही तर्काच्याच वाटेने अविभाज्य कणाची कल्पना मांडली. बुद्धीची ही झेप थोर आहे. तथापि तेवढ्यावरून ‘आमच्याकडे सारे आधीच माहीत होते’ असा जो जयघोष होतो, तो कणादांचाही सन्मान करीत नाही आणि विज्ञानाचाही. त्या परमाणूचे वजन किती, एका चिमटीत असे किती परमाणू, हे प्रश्न तर्काने सुटणारे नव्हते. ते सुटण्यासाठी तराजू लागला, प्रयोग लागला आणि मुख्य म्हणजे आपली कल्पना खोटी ठरू शकते ही तयारी लागली.

ती तयारी दर पिढीला दाखवावी लागली. डाल्टनने १८०८ मध्ये आपला अणुसिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. मूलद्रव्ये ठराविक वजनी प्रमाणातच संयोग पावतात, याचा उलगडा त्याने अणूंच्या साहाय्याने केला. परंतु पाण्यात हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो असे त्याने गृहीत धरले, आणि त्या एका चुकीच्या गृहीतामुळे ऑक्सिजनच्या अणूचे वजन निम्म्याच्या घरात आले. ॲव्होगाड्रोने १८११ मध्येच सुटकेची वाट दाखवली होती. तिच्याकडे लक्ष जाण्यास जवळजवळ अर्धे शतक लोटले. आज आठवीतला मुलगा पाण्याचे सूत्र सहज लिहितो. ते सूत्र डाल्टनला ठाऊक नव्हते, हे त्याला सांगितले तर डाल्टन लहान होणार नाही. मुलाचे धैर्य मात्र वाढेल.

एकोणिसावे शतक संपेपर्यंत अणू खरोखर आहेत की ती केवळ हिशेबाची सोय आहे, यावर मोठमोठ्या पंडितांत वाद होता. रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्ड हा त्या शंकेखोरांचा एक अग्रणी. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये पाण्यातील सूक्ष्म कणांच्या अस्थिर हालचालीचे गणित मांडले, पेरँने प्रयोगांनी ते पडताळले, आणि १९०९ च्या सुमारास ओस्टवाल्डने अणूचे अस्तित्व जाहीरपणे मान्य केले. पुरावा मिळाल्यावर मत बदलणे हा पराभव नव्हे, याचे इतके स्वच्छ उदाहरण सार्वजनिक जीवनात शोधूनही सापडणे कठीण.

यानंतरचा भाग गुरुशिष्य परंपरा मानणाऱ्या समाजाने विशेष लक्ष देऊन वाचावा असा आहे. थॉमसनने १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन शोधला आणि ‘अविभाज्य’ अणू दुभंगला. धनभाराच्या गोळ्यात इलेक्ट्रॉन रुतलेले आहेत, असे चित्र त्याने रेखाटले. त्याचाच शिष्य रूदरफोर्ड. त्याच्या प्रयोगशाळेत गायगर आणि मार्सडेन यांनी १९०९ मध्ये धातूच्या पातळ पत्र्यावर अल्फा कणांचा मारा केला, तेव्हा सुमारे आठ हजारांत एखादा कण चक्क मागे फिरला. थॉमसनच्या मऊ गोळ्यातून असा कण परतणे शक्य नव्हते. त्या एका कणाला दुर्लक्षित न करता रूदरफोर्डने १९११ मध्ये अणूचे केंद्रक मांडले आणि गुरूचे प्रारूप बाजूला सारले. केंद्रक मोहरीच्या दाण्याएवढे कल्पिले तर अणूचा विस्तार शंभर-दोनशे मीटरांचा होईल. मधली बहुतेक जागा रिकामी! परंतु केंद्रकाभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावून क्षणार्धात आत कोसळायला हवा. तो का कोसळत नाही, याचे उत्तर रूदरफोर्डपाशी नव्हते. ते १९१३ मध्ये त्याच्या हाताखाली काम केलेल्या बोरने दिले. आणि बोरचे उत्तर हायड्रोजनपुरते लागू पडले, हेलियमपाशी अडले, तेव्हा १९२५-२६ मध्ये हायझेनबर्ग आणि श्रोडिंगर यांना नवी वाट काढावी लागली. या साऱ्या प्रवासात गुरूचा अनादर कोणी केला नाही. गुरूचे म्हणणे मात्र तपासले.

चुका थोरांच्याही झाल्या. फर्मीने १९३४ मध्ये युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा केला आणि युरेनियमपलीकडची नवी मूलद्रव्ये मिळाली असे मानले. १९३८ च्या डिसेंबरात त्याने नोबेल पारितोषिक स्वीकारले, आणि अवघ्या काही दिवसांत बर्लिनमध्ये हान आणि स्ट्रासमान यांना त्याच प्रकारच्या प्रयोगात बेरियम सापडले. युरेनियमचे केंद्रकच दुभंगत होते. नाझी राजवटीमुळे परागंदा झालेल्या लिझे माइटनरने आपला भाचा फ्रिश याच्यासह त्याचा अर्थ लावला. अणूपासून मोठ्या प्रमाणावर ऊर्जा मिळण्याची कल्पना खुद्द रूदरफोर्डने १९३३ मध्ये निरर्थक ठरवली होती. नऊ वर्षांनी शिकागो येथे फर्मीनेच पहिली अणुभट्टी चालवून दाखवली.

येथे एक आक्षेप हमखास येतो. विज्ञान जर दर वीस वर्षांनी आपलेच म्हणणे फिरवते, तर त्यावर विश्वास का ठेवावा? आक्षेप वरकरणी बिनतोड वाटतो. पण तो टिकत नाही. डाल्टनचे पाण्याचे सूत्र चुकले, तरी ठराविक प्रमाणाचा नियम उभाच आहे. बोरची कक्षा पुसट झाली, तरी हायड्रोजनच्या प्रकाशाविषयीचे त्याचे आकडे बरोबरच आहेत. प्रत्येक नवे प्रारूप जुन्याचे खरे तेवढे पोटात घेऊन पुढे गेले. घराचा वासा बदलताना पाया उखडला जात नाही. जे दुरुस्त होऊ शकते त्यावरच भरवसा ठेवता येतो. ज्यात दुरुस्तीची सोय नाही, त्यावर केवळ श्रद्धा ठेवता येते.

हा भेद किनाऱ्यावरच्या माणसाच्या रोजच्या जीवनाला येऊन भिडला आहे. न्हावा शेवा बंदरात कंटेनर न उघडता क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यातील माल पाहिला जातो. याच रायगड जिल्ह्यात, खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या रुग्णालयात, २०२३ पासून प्रोटॉनच्या झोताने कर्करोगावर उपचार होऊ लागले. लासलगावला २००२ पासून कोबाल्टच्या किरणांनी कांद्याला मोड येणे थांबवण्याची सोय आहे. दुसरीकडे, रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूरच्या नियोजित अणुवीज प्रकल्पाविरुद्ध २०११ मध्ये आंदोलन पेटले आणि गोळीबारात एकाचा बळी गेला. कोकणच्या या पट्टीला मोठ्या प्रकल्पांचा अनुभव नवा नाही. जमिनीच्या मोबदल्यासाठी उरण परिसरात जानेवारी १९८४ मध्ये पाच जणांनी प्राण गमावले. किरणोत्सर्ग किती, कशापासून, किती काळ, हे प्रश्न विचारण्याचे बळ ज्याच्यापाशी नाही, त्याच्यापुढे दोनच मार्ग उरतात: तज्ज्ञ सांगतील ते मुकाट्याने मानणे, किंवा अफवा सांगेल ते घाबरून मानणे. लोकशाहीत हे दोन्ही मार्ग घातक होत. प्रकल्पाला होकार द्यावा की नकार, हे नागरिकाने ठरवावे. परंतु ते समजून ठरवावे.

यासाठी महागड्या उपकरणांची वाट पाहण्याचे कारण नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर तेलाचा थर किती पातळ होऊ शकतो, यावरून रेणूच्या आकाराचा अंदाज एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधला गेला. त्याच सुमारास जर्मनीत आग्नेस पॉकेल्स या स्त्रीने आपल्या स्वयंपाकघरात पाण्याच्या पृष्ठभागावर प्रयोग केले आणि ते १८९१ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. परातीत पाणी, त्यावर भुरभुरलेली पावडर आणि तेलाचा एक बारीक थेंब, इतके साहित्य कोणत्याही जिल्हा परिषदेच्या शाळेत जमू शकते. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून आणि मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून या क्षेत्रात आहेत. शिक्षकांनी त्यांचे दार ठोठवावे.

शिक्षकांवरील कामांचा बोजा आणि अभ्यासक्रम संपवण्याची घाई या अडचणी खऱ्या आहेत. पण एक सुधारणा बिनखर्चाची आहे. ‘रूदरफोर्डचे अणुप्रारूप स्पष्ट करा’ या प्रश्नाऐवजी ‘थॉमसनचे प्रारूप खरे असते, तर रूदरफोर्डच्या प्रयोगात काय दिसले असते?’ असा प्रश्न प्रश्नपत्रिकेत यावा. पहिल्याचे उत्तर घोकता येते. दुसऱ्यासाठी विचार करावा लागतो. प्रश्न बदलला की शिकवणी वर्गांच्या टाचणवह्याही बदलतील, कारण महाराष्ट्रात अध्यापन परीक्षेच्या पावलावर पाऊल टाकून चालते, हे कटू असले तरी सत्य आहे.

पुलावरचे पडदे राहोत. त्यांचे कारण वेगळे आहे. अणूचे ज्ञान मात्र कोणत्याही कुंपणाआड नाही. आठ हजारांतून मागे फिरलेला तो एक कण ज्याने दुर्लक्षिला नाही, त्याला केंद्रक सापडले. उरणच्या एखाद्या वर्गात मागच्या बाकावरून ‘पण असे का?’ म्हणून हात वर करणारा विद्यार्थी हाही तसाच, हजारांतला एक असतो. त्याला ‘परीक्षेत येत नाही’ म्हणून खाली बसवणे महाराष्ट्राला परवडणारे नाही.